पाळण्याजवळ कुणी उभं राहायचं

४ नोव्हेंबर, नांदेड
भाग्यश्रीला, माझ्या भावजयीला, नववा लागला. पहिलं बाळंतपण तिच्या माहेरी रेणापूरला झालं. दुसरं सासरी, म्हंजे आमच्या डोक्यावर. बाळंतिणीची बाज टाकायला मधली खोली रिकामी केली. मधली खोली माझी. हे गेल्यापासून तीन वर्षं मी भावाकडंच. "सुनंदा, चालंल का?" असं कुणी विचारलं न्हाई. भावानं, संतोषनं, माझी गादी उचलून हॉलमध्ये टाकली. वर म्हणतो, "ताई, तुला काय, कुठं बी झोप लागते." लागते बाबा. शाळेत पाचवी ब सांभाळून आल्यावर दगडावर बी लागते.

७ नोव्हें.
संतोष (ह्यापुढं नुसतं सं., एवढ्या माणसाला अख्खं नाव कशाला) पाळणा घेऊन आला. रिमोटवाला! आपोआप हालतो, गाणं म्हणतो. सोबतचा कागद न वाचता जोडला, चार स्क्रू उरले. "कंपनी जास्तीचे देते," म्हणे. रिकामा पाळणा हालवत नसतात म्हणून आईनं वरून चादर टाकली. दुपारी लाइट गेली, आली, अन् पाळणा चादरीसकट हालायला लागला, गाणं म्हणत. आईची बोबडी वळली. सं. रिमोट शोधत पलंगाखाली. मी प्लग काढला.

११ नोव्हें.
लेकराच्या दुपट्यांसाठी माझ्या सुती साड्या काढल्या. धुऊन धुऊन मलईसारख्या मऊ झाल्यात. आईनं उचलून परत माझ्या पेटीवर ठेवल्या. "तुझ्या नको गं. शेजारच्या काकूंच्या आणल्यात." काकूंच्या साड्या टेरिकॉटच्या, लेकराचं ढुंगण सोलून निघंल. पण काकूंना नवरा हाय.
आम्ही लिंगायत, आमच्या गळ्यात लिंग हाय, आम्हाला कसलं सुतक, कसला विटाळ, असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला छातीठोक सांगती. सुतक न्हाई पाळत. विधवा तेवढी पाळतात.

१९ नोव्हें.
जेवताना आई म्हणाली, "बाराव्या दिवशी नाव ठेवायला लातूरहून मंगलला बोलवू."
मंगल चुलतबहीण. सख्खी आत्या मी. पिहूचं, भाग्यश्रीच्या थोरलीचं, नाव मीच ठेवलं. कानात कुर्रर्र केलं, पाठीत धपाटे खाल्ले. तव्हा हे होते.
"मी मेले का?"
"तसं न्हाई गं. लोकं काय म्हणतील."
मंगलची लायकी एवढीच की तिचा नवरा जिता हाय. दिवसभर पत्ते कुटतो, पण जिता हाय. सं. ताटात मान घालून बसला. भाग्यश्रीनं मोबाईलमधून डोकं वर केलं न्हाई. अख्खं घर भित्र्यांचं.
मला ह्या घरातून दुसरं काही नको. लेकराच्या कानात नाव मी सांगणार, आत्या म्हणून, चार माणसांत. तेवढंच हवं.
मोरीत नळ सोडून रडले. रडल्याचाच जास्त राग आला.

२८ नोव्हें.
मुलगा.
पहाटे कळा सुरू झाल्या. सं. गाडीची किल्ली शोधत बसला, किल्ली त्याच्याच खिशात. तवर मी कोपऱ्यावरून ऑटो आणला. दवाखान्यात सुईचं नाव काढताच हा बाकावर आडवा. आई घरी पिहूपाशी. नर्स बाईंनी लेकरू दिलं माझ्या हातात. मी कोण, ते तव्हा कुणाला आठवलं न्हाई. लई गोड हाय. नाक सं.वर गेलंय, सुधारंल.

८ डिसें.
मंगल आली. येतायेताच, "सुनंदा, नाव काय ठरलंय गं? लिहून दे, माझ्या ध्यानात राहात न्हाई." दिलं लिहून. ठसठशीत अक्षरात, पाचवी बला देते तसं.
आई लाडात. "उद्या पुरणाकडं तूच बघ. तुझ्यावाणी कुणाला जमत न्हाई." गोड बोलून चुलीपाशी बसवायची कला हाय तिच्यापाशी.
संध्याकाळी बाजेखाली शेगडी सरकवत होते. भाग्यश्री हळूच म्हणाली, "ताई, मी मंगलताईच्या हातात लेकरू देणार न्हाई."
"मला काय सांगतीस? भायेर सगळ्यांसमोर बोल."
लेकराचं दुपटं सारखं करत बसली. म्हणलं ना, भित्री.

९ डिसें., दुपार
स्वयंपाकघरात ओट्यावर वही ठेवून लिहून राहिले. भायेर बोंबाबोंब.
पाळण्याला फुगे लावलेत. स्वामी येऊन लेकराला लिंग बांधून, दक्षिणा घेऊन गेले. बायका जमल्या, अन् भाग्यश्रीनं मधल्या खोलीची कडी आतून घातली. "ताईंना पाळण्याजवळ उभं करा, मग लेकरू आणते." एवढ्या मोठ्यानं, की शेजारच्या काकूंनी हातातला चहा खाली ठेवला. त्या पोरीत हे कुठून आलं, मला ठाऊक न्हाई. मी तिला भित्री म्हणलं होतं.
सं. दारावर टकटक करून राहिला, तेही इतकं हळू की ऐकू गेलं तर माफी मागंल. मंगल नथ घालून उभी, पाय दुखले म्हणती.
आई दोनदा येऊन गेली. "सांग गं तिला कडी काढायला. तुझं ऐकती ती."
आता माझं ऐकती!
म्हणलं, पुरण करपंल. पुरण कव्हाच झालंय. साडी बी बदलून बसले मी, जरीकाठाची, हे गेल्यापासून अंगाला न लावलेली.
मी काही सांगायला जाणार न्हाई. आईनं हितं न्हाई, तिथं बायकांत उभं राहून मोठ्यानं म्हणावं, "सुनंदा, ये, तू आत्या हायस." मग उठंन.
बांगड्या वाजल्या. आई तिसऱ्यांदा येऊन राहिली. दारातच थांबली. माझ्या साडीकडं बघून राहिली.