भुजेवरचा ठिपका

३ नोव्हेंबर, अमरावती
एका सर्पिल दीर्घिकेच्या भुजेवर एक्स-रेमध्ये लख्ख ठिपका. बहुतेक कृष्णविवर, शेजारचा तारा गिळत बसलेलं. दुर्बीण अवकाशात, डेटा सगळ्या जगाला फुकट, आणि दिसलं कोणाला? मला, रूमवर, पोहे खाताना. पीएचडी रखडली म्हणणाऱ्यांची तोंडं बंद. खराब पिक्सेल काढून टाकायची पायरी राहिली आहे. कंटाळवाणी असते. उद्या.

४ नोव्हेंबर
गाईड संध्या मॅडमनी विचारलं, ती पायरी केली का. हो म्हणालो. करणारच आहे, म्हणजे केल्यासारखीच.

८ नोव्हेंबर, शेंदूरजनाघाट
घरी सांगणार नव्हतो. पण बाबा संत्र्याच्या तोडीवरून आले आणि काकांसमोर म्हणाले, किशोर त्या कॉम्प्युटरवर काय करून राहिला, मले तं समजत नाही. मग राहवलं नाही. सगळं सांगितलं. वर, विवराला तुमचंच नाव देतो म्हणालो. नत्थुजी. (असं देता येत नाही. प्रयत्न करता येतो.) बाबा उठून अंगणात गेले. मग विचारलं, कोन्या बाजूले हाये? मी शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीवर बोट केलं. अंदाजे.

१३ नोव्हेंबर, अमरावती
दुसरी दीर्घिका उघडली. चित्रात त्याच जागी, उजवीकडे वर, तसाच ठिपका! दोन विवरं. एखाद्याचं नशीबच असतं. याला आईचं नाव. पायरी सोमवारी नक्की.

१७ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी बाबांचा फोन. रविवारी गावात सत्कार, चौकात फ्लेक्स लागला. फोटो माझा बारावीचा.

दुपारी मॅडमना दोन्ही चित्रं थाटात दाखवली. त्यांनी तिसरं उघडलं, नुसत्या रिकाम्या आकाशाचं. ठिपका तिथेही, त्याच जागी. म्हणाल्या, डिटेक्टरचा तो पिक्सेलच खराब आहे, सगळ्यांना माहीत आहे. मग हळूच विचारलं, पायरी केली होती ना? त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२२ नोव्हेंबर, एसटीत, मोर्शीजवळ
सत्काराआधी बाबांना खरं सांगायचं. पक्कं. वाक्य पाठ केलं आहे.

२३ नोव्हेंबर
सांगितलं नाही. बाबांनी नवा सदरा घातला होता, त्यात कसं सांगणार? शाल घेतली, नारळ घेतला. भाषणात म्हणालो, संशोधन चालू आहे. हे खोटं नाही. खाली बाबा एकेकाला टाकीकडे बोट करून सांगत होते, तिकडे हाये आपला.

ते बघवेना. घरी आल्यावर अंगणात सांगून टाकलं. पाठ केलेलं वाक्य आठवलं नाही. बाबांनी एवढंच विचारलं, मंग टाकीवर काय हाये? काही नाही म्हणालो. बरं म्हणाले आणि सदरा बदलायला आत गेले.

२४ नोव्हेंबर
चौकात फ्लेक्स नाही. बाबांनीच पहाटे सोडून आणला. वाया गेला नाही ही एक जमेची बाजू. दव पडू नये म्हणून अंगणातल्या संत्र्यांच्या ढिगावर टाकला आहे, चारी कोपऱ्यांना विटा ठेवून. फोटोची बाजू खाली केली आहे. काहून, ते मी विचारलं नाही.