डाव्या बाजूचं मडगार्ड

पपा, तू जिची कामं करायचास ती शेठची इटलीची गाडी अजून आहे. मागच्या रविवारी मी तिला हात लावून आले.

चर्चमधल्या मिस्साहून परत येताना मैदानावर मांडव दिसला. जुन्या गाड्यांचं प्रदर्शन म्हणे. आमच्या वसईत आता कशाचंही प्रदर्शन भरतं. त्या मैदानापर्यंत जाणारा रस्ता मात्र कोणाला दुरुस्त करावासा वाटत नाही. चपला चिखलातून काढत, मनातल्या मनात सगळ्यांना नावं ठेवत मी आत शिरले, आणि समोर ती उभी. तीच लांब नाकाची, दोन दारांची, गडद निळी. लांबच्या प्रवासाला दोघांनी ऐटीत जावं म्हणून बनवलेली, आणि आपल्याकडे येऊन फार तर घोडबंदरपर्यंत धावलेली. लाकडी स्टिअरिंगमागे त्या तबकड्या तशाच आहेत. तुला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण त्यांवरचे दोन इटालियन शब्द तू फादरना विचारून पाठ केले होतेस. काच पुसताना गिऱ्हाइकासारखा रुबाब आणून म्हणायचास, "आक्वा म्हंजे पानी, ओलिओ म्हंजे त्याल."

मी डाव्या मडगार्डवर हात ठेवला तसा मालक धावत आला. चाळिशीचा माणूस, सातिवलीला खोक्यांचा कारखाना आहे त्याचा. म्हणाला, "आंटी, हात नका लावू हां. ओरिजिनल आहे." मी विचारलं, ओरिजिनल म्हणजे काय? तर म्हणे सगळा पत्रा इटलीतला, एक तुकडासुद्धा बदललेला नाही, आणि त्याचा लेखी पुरावा आहे. पपा, माझं डोकं फिरलं. माझं तोंड तुला ठाऊक आहे. पस्तीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवून ते काही मऊ झालेलं नाही. हे मडगार्ड आपल्या वटार गावात, केळीच्या वाडीतल्या तुझ्या पत्र्याच्या शेडमध्ये जन्माला आलंय, असं त्याला चारचौघांत सुनवायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यानं बाजूच्या काचेच्या पेटीकडे बोट केलं. आत एक जाड वही उघडी ठेवली होती. अक्षर माझं होतं.

शेठची गाडी नारळांच्या बैलगाडीला घासली आणि डाव्या मडगार्डची चिंधी झाली, ते वर्ष मला पक्कं आठवतं, कारण आईचा साबण टिकत नव्हता. बाहेरून पार्ट आणणं शेठलाही जमेना. तू म्हणालास, मी बनवतो. उजव्या मडगार्डवर पुठ्ठे धरून तू त्याचे आकार कापलेस आणि तेच पुठ्ठे उलटे करून डाव्यासाठी वापरलेस. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर आईची कपडे धुवायची वडी चोळायची, मागून शेगडी धरायची, साबण काळा पडला की पत्रा मऊ झाला समजायचं. मग तो वाळू भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर ठेवून चिंचेच्या लाकडाच्या हातोडीनं ठोकत बसायचं. टक टक टक, अडीच महिने. मी आतल्या खोलीत कानांत बोटं घालून पाठांतर करायची. संध्याकाळी तू डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवतोस, मध्येच थांबतोस, खडूनं खूण करतोस. जे कोणालाच दिसत नाही ते तुझ्या हाताला लागतं.

गाडीबरोबर शेठची ती वही असायची. काय काम झालं ते त्यात इंग्रजीत लिहायचं. शेठ तुला म्हणाले, तुझी मुलगी कॉन्व्हेंटात जाते ना, तिच्याकडून लिहून आण. तू वही वर्तमानपत्रात गुंडाळून आणलीस. हात दोनदा धुतलेस. आई चुलीवर बोंबील तळत होती, तिला धूर इकडे येऊ देऊ नकोस म्हणालास. मी पाटावर बसले आणि तू सांगायला लागलास: डावं मडगार्ड नवीन, हातानं बनवलं, वटार, आणि खाली तुझं पूर्ण नाव. शाळेत सिस्टरनी सवय लावली होती, आधी पेन्सिलनं लिहायचं, बरोबर आहे बघायचं, मग शाईनं गिरवायचं. मी पेन्सिलनं सगळं लिहिलं, तू सांगितलंस तसं.

आता जे घडलं ते मी कन्फेशनमध्येसुद्धा कधी सांगितलं नाही. शेठची मुलगी माझ्या वर्गात होती, पुढच्याच बाकावर. त्याच आठवड्यात ती हसत हसत सगळ्यांना सांगत होती, आमची गाडी कुठल्यातरी गावठी पत्रेवाल्याकडे पडलीय. मीही हसले होते. तो पत्रेवाला कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. वही तिच्या घरी जाणार, तिच्या हाती पडणार, आणि खाली माझंच आडनाव. तू पाणी प्यायला उठलास तेवढ्यात मी खोडरबर फिरवलं आणि शाईनं लिहिलं: डावं मडगार्ड काढून, साफ करून पुन्हा बसवलं, नवं लागलं नाही. उत्तम इंग्रजी, व्याकरणाची एक चूक नाही, आणि तुझं नाव कुठंच नाही.

तू परत आलास, वही हातात घेतलीस. वाचता येत नव्हतं म्हणून पत्र्यावरून फिरवायचास तसाच पानावरून तळहात फिरवलास. आणि थांबलास, बरोबर तिथंच.

"हितं काय घासलंस?"

"चूक झाली होती."

"माजं नाव हाय नं?"

"आहे."

"मंग झालं," म्हणालास. "घासलेलं डोळ्याला दिसत नाय, हाताला लागतं एवढंच." आणि वही पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळलीस. शेठनी ते पान वाचून खाली मुकाट सही केली. त्यांना ते सोयीचंच होतं, कागदावर गाडी अस्सल इटलीची राहत होती. पुढे कितीतरी वर्षं मी सगळा राग त्या एका सहीवर काढला. तुला तेव्हा कळलं होतं का, हे विचारायला तू होतास तोवर मला वेळ मिळाला नाही, असं मी स्वतःला सांगते. वेळ होता.

मैदानावर मी त्या मालकाला म्हटलं, मडगार्डच्या आतून हात घाल. आधी उजव्या बाजूला, मग डाव्या. डोळे मीट. तो हसला, पण त्यानं घातला. उजवीकडे गुळगुळीत लागलं. डावीकडे तुझ्या हातोडीचे बारीक बारीक खळगे, ओळीनं. त्याचा चेहरा उतरेल, तो माझ्याशी भांडेल, मग मी त्याला फाडून खाईन, अशी माझी तयारी होती. तो भांडलाच नाही. त्या खळग्यांवरून पुन्हा एकदा बोटं फिरवत म्हणाला, "असा हात आता मिळत नाय, आंटी. कोणी बनवलं?"

मी म्हटलं, "होता वटारचा एक पत्रेवाला."

"तुम्ही ओळखायचात?"

"हो. पाहिलं होतं काम करताना."

सत्तरीला आलेय मी. शेठ नाहीत, शेठची मुलगी कॅनडात आहे, वर्ग नाही, बाक नाही. तो माणूस तर तुझं नाव मानानं विचारत होता. तरी जिभेवर तेच आलं. दुसऱ्यांच्या वहीत लाल शाईनं रेघा मारत जन्म काढला, आणि ही बाई बघ.

त्यानं मला एक फॉर्म दिला. गाडीच्या फाइलला लावणार आहे, मडगार्ड इटलीतलं नाही असं स्वतःहून लिहिणार आहे. कारागिराचं नाव, गाव, माहिती देणाऱ्याचं नाव, आणि शेवटचा रकाना: कारागिराशी नातं. आठ दिवस तो कागद डायनिंग टेबलावर मिठाच्या बरणीखाली होता. येता-जाता मी त्याच्यावर चिडत होते, जशी सगळ्यांवर चिडते.

आज सकाळी चष्मा पुसून बसले आणि सगळे रकाने भरले. तुझं पूर्ण नाव लिहिलं, तू सांगायचास तसं. शेवटच्या रकान्यातही लिहिलं, मुलगी. उद्या तो घ्यायला येईल.

पेन्सिलनं लिहिलंय, पपा. शाईचं पेन बाजूला काढून ठेवलंय.