सहीवाचून सुटलेला कैदी

सुरत, २ मार्च १९८८

ती. स्व. अभिमनभाऊस,
छगनचा शि. सा. न. वि. वि. नमस्कार रीत आहे म्हणून लिहिला, मनातून नाही.

धुळे जेलचा शिक्का मारलेलं तुझं पत्र पोचलं. आखाजीला, अक्षय तृतीयेला, वारलेल्या आबांच्या नावानं पहिली घागर भरायला चौदा दिवसांची रजा पाहिजे, त्यासाठी जामीन म्हणून मी सही करावी, असं म्हणतोस. मी करणार नाही.

दोन वर्षांमागं पोळ्याच्या रजेसाठी आबांनीच सही केली होती. तू आठ दिवस उशिरा परतलास. ते आठही दिवस पोलिसांनी त्या म्हाताऱ्याला चोपड्याच्या ठाण्यात बसवलं. संध्याकाळी एसटीनं गावात परत आले की पारावरची माणसं विचारायची, आबा, आज काय जबाब दिला? आता आबाच गेले, आणि तुला घागर आठवली.

आणि वर चार पानं लिहिलीस ती जेलच्या कपाटातल्या कादंबरीची. कोणी जुना साहेब, साहसाच्या गोष्टी लिहिणारा. अंधारकोठडीत साखळीनं बांधलेला त्याचा खलाशी डोळे मिटून समुद्र, बर्फाचे डोंगर फिरून येतो आणि जेलर हरतो. तूही तसाच आतून मोकळा झालास म्हणे. बरं झालं. तिकडं गावात माय दळायला जाताना तोंड झाकून जाते. मोकळाच आहेस तर रजा कशाला मागतोस?

लोभ कमी झाला तरी चालेल.
छगन

धुळे, १३ मार्च १९८८

चि. छगन यास अ. आ.

चौथीतून पळालेला तू, पण पत्र वकिलासारखं लिहितोस. सुरतेत बारा तास कापडाच्या लूमपुढं उभा राहतोस, मालकाला विचारल्याशिवाय मुतायला जाता येत नाही, आणि मला मोकळेपण शिकवतोस.

मी रोज दुपारी डोळे मिटून आपल्या केळीला पाणी देतो. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. बांधावरच्या ज्या जागी माझ्या हातून माणूस मेला, तिथूनही रोज जातो, ती जागा टाळत नाही. त्या खलाशाकडून एवढंच शिकलो. पण घागर डोळे मिटून भरत नाही रे. तिला घरचा उंबरा लागतो. त्या खलाशाला घरच नव्हतं, त्याचं भागलं.

ते आठ दिवस का राहिलो ते विचारू नकोस, सांगणार नाही. सही नसेल करायची तर तूच भर.

लोभ तुझ्या मर्जीवर. मायला जप.
अभिमन

गावाहून, २९ मार्च १९८८

ती. स्व. भाऊस,
छगनचा शि. सा. न.

तूच भर म्हणालास म्हणून मालकाशी भांडून आलो. मायला म्हटलं, यंदा घागर मीच भरीन, भाऊचं नाव काढू नको. ती भाकरी थापत होती. म्हणाली, थोरला जिता असताना धाकट्यानं बापाची पहिली घागर भरली तर गाव थोरल्याला मेलेला धरेल. मी म्हटलं, त्यानंच आबांना ठाण्यात बसवलं. तेव्हा ती बोलली, “तुना बापनीच त्याले थांबाडं.”

मग सगळं निघालं. तुझी रजा संपली त्या दिवशी पोळ्याची अमावास्या, अमावास्येला पोराला जेलात कसं पाठवायचं? मग गणपती बसू दे. मग गौरी येऊ दे. दर वेळी आबा म्हणायचे, जामीन मी आहे, ठाण्यात मी बसेन. आणि छगनला कळू द्यायचं नाही, अशी तुला शपथ.

राग गेला असं समजू नकोस. वाढला. तुम्ही दोघांनी मिळून मला दोन वर्षं बावळट ठेवलं. आबांवर आता चिडता येत नाही, म्हणून त्यांच्या वाटचंही तुझ्यावर.

काल सही केली. तुझ्या खलाशाला बाहेर पडायला कोणाची सही लागली नाही. तुला माझी लागली, एवढं ध्यानात ठेव. परतीच्या दिवशी सण असो, अमावास्या असो, माय पायाला धरो, पहिल्या एसटीनं मी स्वतः तुला धुळ्याला आणीन आणि फाटक लागेपर्यंत उभा राहीन. घागर भरेपर्यंत माझ्याशी बोलू नकोस. पुढचं पुढं बघू.

लोभ सध्या चौदा दिवसांपुरता धरावा.

तुझा जामीन,
छगन