मागच्या खोलीचे पडदे

९ मार्च, रविवार

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत, तूही बरी असशील असं धरून चालतो. अक्षरावरून ओळखलंच असशील. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या माणसाचं कागदावरचं अक्षर इतकं गचाळ कसं, असं तू म्हणायचीस. ते अजून तसंच आहे.

तुझा पत्ता आतेभावाकडून घेतला. त्याने दोनदा विचारलं, कशाला हवाय म्हणून. मी म्हटलं, पार्सल पाठवायचंय. ते खोटं नाही, हे पाकीट पार्सलवरच चिकटवलेलं असेल. पण पार्सल लगेच उघडू नकोस. आधी हे वाच.

तुझं रक्तदाबाचं काय? वॉर्डात सदतीस वर्षं लोकांना वेळच्या वेळी गोळ्या दिल्यास, आता स्वतःच्या घेतेस की नाही देव जाणे. मी सिगरेट सोडली. म्हणजे तुझ्या भावजयीने सोडवली. मी स्वतः सोडली असं नुसतं सगळीकडे सांगतो.

तर मुख्य बातमी. आम्ही घर विकलं. एकतीस तारखेला किल्ल्या द्यायच्या.

आमच्या घराच्या बावीस पायऱ्या तुला आठवत असतील. दोन वर्षांपासून तुझ्या भावजयीचे गुडघे कुरकुरताहेत. ती तोंडाने काही म्हणत नाही. बाजारातून आली की बाराव्या पायरीवर थांबते आणि पिशवीत काहीतरी शोधते. पिशवीत शोधण्यासारखं काही नसतं, हे माझ्या डोक्यात शिरायला वर्ष गेलं. तू मला ठोंब्या म्हणायचीस ते उगाच नाही.

मग आम्ही खालचं घर शोधायला लागलो. एका चष्मेवाल्याचं मिळालं, तीन खोल्या, समोर दोनच पायऱ्या. त्याची बायको गेलेली, लेकीकडे कायमचं राहायला जायचं म्हणून तो विकत होता. उत्तरेला मोठी खिडकी. तुझ्या भावजयीने तिथे उभं राहून पिशवीतून सुई काढली, चष्मा न लावता दोरा ओवला, पहिल्या खेपेला गेला, आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. बाकी कुठली भिंत कशी आहे, नळाला पाणी येतं का, काही पाहिलं नाही. इसार देऊन टाकला.

आमच्या घरालाही लगेच गिऱ्हाईक आलं. बस चालवणारा एक तरुण आणि त्याची बायको. ती बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवते, आणि शाळेत जी शांतता असते तिची भरपाई त्यांच्या दोन जुळ्या मुली घरी करतात. पहिल्याच दिवशी त्या पोरींनी मागची खोली आपापसांत वाटून घेतली, मध्ये खडूची रेघ ओढून.

आणि मग आम्ही दोघांनी तो गाढवपणा केला, जो फक्त आमच्याच घरात होऊ शकतो. बाजारात तुरी म्हणतात ना, तसं. कागद पक्के व्हायच्या आतच ती टेप घेऊन चष्मेवाल्याकडे गेली, पाची खिडक्यांची मापं घेतली आणि आठवड्यात पडदे शिवून इस्त्री करून ठेवले. मीही कमी नाही. मी पाटी रंगवली. आमची दोघांची नावं, खाली त्याच्या घराचा नंबर, नंबराला सोनेरी कड. वाळायला तीन दिवस ठेवली.

चौथ्या दिवशी चष्मेवाला आला. बावीस पायऱ्या चढून, धापा टाकत. जावयाची दूर बदली झाली होती. ज्या घरात जाऊन राहायचं, ते घरच आता तिथे राहणार नव्हतं. स्वतःचं विकून हा म्हातारा जाणार कुठे? इसाराचं पाकीट त्याने टेबलावर ठेवलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"फोनवर सांगता आलं असतं," तो म्हणाला, "पण असली गोष्ट तोंड लपवून सांगू नये. तुम्हाला काय बोलायचं ते बोला."

ताई, मला बोलायचं होतं. भरपूर. पण त्याचं ते वाक्य ऐकून मी त्याच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. तुझ्या भावजयीने त्याला पाणी दिलं, मग चहा दिला, लेकीची चौकशी केली, आणि जाताना वरच्या पाच-सहा पायऱ्या त्याचा कोपर धरून उतरली. स्वतःचे गुडघे तसे असताना. मी वरून बघत उभा.

आता पेच आमचा. बसवाल्याशी केलेला करार कच्चाच होता, मोडता आला असता. नाही मोडला तर एकतीस तारखेनंतर डोक्यावर छप्पर नाही. मोडला तर बसवाला उघड्यावर, कारण त्याने भाड्याच्या खोल्या सोडतोय म्हणून कळवलं होतं आणि तिथे दुसरं बिऱ्हाड ठरलंही होतं.

मी म्हटलं, आपण त्याला फोन करू. सांगू की मागच्या खोलीला ओल आलीय, भिंत उकरावी लागेल, घर आत्ता काही देता येणार नाही. इतक्या झटकन मला ते सुचलं की बोलून झाल्यावर मीच चपापलो. तिने शिवणाचं मशीन थांबवलं.

"त्या खोलीला कधी ओल आलीय?"

मी टेबलावरचं इसाराचं पाकीट सरळ करून ठेवलं. मग तीच म्हणाली, "लेकीचं बिनसलं म्हणून त्यांचं बिनसलं. त्यांचं बिनसलं म्हणून आपलं. हे कुठेतरी थांबायला हवं ना? आपल्यापाशी थांबू दे."

आणि मशीन पुन्हा सुरू.

मी तुला खरं सांगतो, तेहतीस वर्षं मी ह्या बाईबरोबर राहतोय, आणि मला ती अजून पुरती समजलेली नाही. तिला घराचं दुःख झालं नाही असं नाही. त्या दुपारी ती भांडी घासायला बसली आणि घासलेलीच भांडी तिने परत घासली. पण दुसऱ्या दिवसापासून छत्री घेऊन बाहेर. चार दिवसांत तिने दोन खोल्या शोधल्या, ज्या लॉन्ड्रीवाल्याचं रफूचं काम करते त्याच्याच मागच्या अंगाला. जमिनीलगत, एकही पायरी नाही. भिंतीपलीकडे दिवसभर इस्त्र्या चालतात, त्यामुळे ऊब भरपूर, उन्हाळ्यात आमची भाकरी भाजून निघेल. खिडकी एकच, तीही पश्चिमेला. मी तोंड वाकडं केलं. ती म्हणाली, दोरा ओवायला सकाळी दारात बसेन.

आणि पडद्यांचं काय केलं असेल? मी म्हटलं, विकू, उसवू, उशांचे अभ्रे करू. तिने गठ्ठा बांधला, चष्मेवाल्याकडे गेली आणि पाची खिडक्यांना लावून आली. मापं त्यांच्या खिडक्यांची, दुसरीकडे कुठे बसणार, एवढंच तिचं म्हणणं. तो म्हातारा म्हणे दारात उभा राहून रडला. माझी पाटी मात्र अजून दरवाजामागे आहे, तोंड भिंतीकडे करून. खरवडायला हात होत नाही. माझा स्वभाव तिच्यासारखा नाही, तुला ठाऊकच आहे.

जेवायला हाक आली. उरलेलं नंतर.

११ मार्च, मंगळवार

जेवायला हाक आली होती हे खरं, पण जेवण झाल्यावर लिहिता आलं असतं. कालही आलं असतं. पुढचं लिहायला हात धजत नव्हता. आज लिहितो.

गेल्या आठवड्यात आम्ही बांधाबांध करत होतो. मोठी ट्रंक मागच्या खोलीतून बाहेर ओढली. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिने उलगडलं. हिरवे पडदे, बारीक चौकडीचे. मी ते कधी पाहिले नव्हते, किंवा पाहून विसरलो होतो.

"ताईंच्या खोलीचे," ती म्हणाली. "तुम्हाला न सांगता शिवले होते, त्या आल्यावर दाखवायचे म्हणून. त्यांचं मन बदललं, राहूनच गेले. बिचाऱ्या. त्यांना आमच्यात अवघड वाटलं असेल."

अकरा वर्षं, ताई. अकरा वर्षं ती असं समजून चालली होती, कारण मी तिला तसं सांगितलं होतं.

तुला जे माहीत आहे ते आधी. तू निवृत्त होणार होतीस, मी म्हटलं होतं, मागची खोली तुझी, ये. तू क्वार्टर सोडलंस, सामान बांधलंस. यायला सहा दिवस उरले असताना मी फोन केला, खोलीला ओल आलीय म्हणालो. तू एवढंच विचारलंस, "किती दिवस?" मी म्हणालो, सांगता येत नाही. तू फोन ठेवलास. पुढे चार महिने तू नर्सेसच्या वसतिगृहात एका खाटेवर काढलेस, हे मला आतेभावाने नंतर सांगितलं. मी त्याला म्हटलं, हो का.

आता तुला जे माहीत नाही ते. ओल नव्हती. त्या आठवड्यात मला बावीस पाट्यांचं मोठं काम आलं होतं. एवढ्या पाट्या एकदम वाळायला ठेवायला ती एकच खोली होती, तिथे ऊन यायचं. आणि दुसरंही होतं. तू आलीस की सिगरेट, माझा पसारा, माझं दुपारी झोपणं, सगळ्यावर तुझी नजर असणार, ह्याची मला धास्ती वाटली. तू मला वाढवलंस, म्हणून धास्ती वाटली. पाट्या दीड महिन्यात रंगवून, वाळून गेल्या. मी तुला परत फोन केला नाही.

तुझ्या भावजयीला सांगितलं की ताईचा विचार बदललाय, आणि ह्या विषयावर तिला काही विचारू नकोस, तिला संकोच वाटेल. ती शब्दाची पक्की. तिने कधी विचारलं नाही. नंतर दोन लग्नांत आपण भेटलो तेव्हा तू तिच्याशी तुटक बोललीस. मी पलीकडेच उभा होतो. मी परत बोलावलं नाही म्हणून तुला वाटत होतं की भावजयीलाच नणंद घरात नको होती. मला ते दिसत होतं, आणि मी ते तसंच राहू दिलं. ओलीच्या थापेपेक्षा हे वाईट. माझ्या कामाचं पाप तू तिच्या नावावर घातलंस, आणि मी शेजारी उभा राहून जेवत होतो.

पडदे तिच्या मांडीवर होते तेव्हा मी हे सगळं तिला सांगितलं. चष्मेवाला बावीस पायऱ्या चढून आला नसता तर कदाचित सांगितलं नसतं. परक्या माणसासमोर त्याला जे जमलं, ते मला सख्ख्या बहिणीशी जमलं नाही, हे तेव्हापासून डोक्यात किड्यासारखं फिरत होतं.

ती ओरडेल असं वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. दोन दिवस ती माझ्याशी लागेल तेवढंच बोलली. चहा ठेवलाय. दोरी द्या. ही खोकी वरची, ही खालची. मग रविवारी सकाळी माझ्यासमोर कागद आणि पेन ठेवलं.

"त्यांना लिहा. सगळं. त्यांच्याकडे राहायला जागा मागायची नाही, आणि माझं कौतुक करत बसायचं नाही."

पहिली अट मी पाळतोय. आम्हाला जागा आहे, गरम आहे, पण आहे. दुसरी मी दोन दिवस मन लावून मोडलीय, कारण ती तुझ्या मनात जशी आहे तशी ती नाही. कधीच नव्हती. बसवाल्याच्या वेळी मला जे सुचलं ते तुझ्या वेळीही सुचलं होतं, आणि तिला जे सुचलं तेच तुझ्या वेळीही सुचलं असतं, मी तिला विचारलं असतं तर. तुझी जागा कोणी घालवली ते आता तुला कळलं. माझ्यावर रागाव. हवं तर उरलेला जन्म रागाव. पण तिच्याशी बोल.

आता पार्सल उघड.

तेच पडदे आहेत. ती म्हणाली, ज्यांचे त्यांच्याकडे जाऊ देत. रंग थोडा उडालाय घडीवर, कापड चांगलं आहे. खालची दुमड मात्र तिने उसवून ठेवलीय. ती आमच्या मागच्या खिडकीच्या मापाची होती, तुझी खिडकी केवढी ते आम्हाला माहीत नाही. मी म्हटलं, अंदाजाने घाल की टाके. ती म्हणाली, ह्या वेळी माप आल्याशिवाय शिवायचं नाही.

एक तारखेपासूनचा पत्ता पाकिटाच्या मागे आहे. माप मला कळवू नकोस. तिला कळव.

मागच्या खोलीत आता खडूची रेघ आहे. काल मी तिथल्या चारही भिंतींवर हात फिरवून पाहिला. खोली कोरडी आहे, ताई. तेव्हाही कोरडीच होती.

तुझा
ठोंब्या