मी मेले तेव्हा माझी कवळी फ्रीजमध्ये होती

धाकटे,

मी मेल्याचं कळलं आणि तू शिलाई मशीनची चौकशी केलीस! रडणं राहू दे, कशाने गेले एवढं तरी विचारायचं. "अक्काचं मशीन आता कुणाकडे?" हा तुझा निरोप घरच्या सगळ्यांच्या मोबाईलवर आला आणि तो पहिल्यांदा मीच वाचला. (चष्मा लावून.)

असो. थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. गुडघे कसे आहेत? यजमानांचा खोकला थांबला, की अजून सगळी बिल्डिंग उठवतात? मी बरी आहे. अक्षरावरून ओळखलं असशीलच. चौथीत शाळा सोडली तेव्हा होतं तसंच आहे, मेल्यावर काही सुधारलेलं नाही.

आता कशी मेले ते सांगते. सिनेमाच्या शाळेने नातीला दोनदा परत पाठवलं हे तुला ठाऊक आहे. (तू तेव्हाही काही विचारलं नव्हतंस.) तर ती म्हणाली, शाळा गेली उडत, मी घरीच शिकते. मोबाईलमधला एक दाढीवाला तिचा मास्तर. तो सांगतो, ती ऐकते आणि भोगतो आम्ही. माझ्या गालावर उजेड पडावा म्हणून सूनबाई खिडकीशी पांढरी चादर धरून उभी, तिकडे कुकर शिट्ट्या मारतोय. कॅमेरा सरकवायला गाडी हवी, म्हणून माझा पाय मोडला तेव्हाची चाकांची खुर्ची काढली. नात कॅमेरा घेऊन वर बसली, सूनबाईने ढकललं आणि दोघी चपलांच्या कपाटात. सिनेमाची गोष्ट एवढीच, की म्हातारी मरते आणि तिच्याशी भांडलेलं माणूस उशिरा येऊन दाराशी रडतं. म्हातारी घरातच फुकट मिळाली. रडणारं माणूस मिळेना.

त्यात या लोकांना रिकाम्या खोलीचा आवाजही टिपून ठेवावा लागतो. (कुणी बोलत नसताना काय टिपायचं, ते दाढीवाल्यालाच माहीत.) आमचा फ्रीज घोरतो, म्हणून तो बंद करायचा. मग तो चालू करायचं विसरतात आणि दूध नासतं. दाढीवाल्याने उपाय सांगितला, की ज्याच्यावाचून बाहेर पडता येत नाही अशी वस्तू फ्रीजमध्ये ठेवा, किल्ली वगैरे. म्हणजे ती घ्यायला जाल तेव्हा आठवेल. मी मेलेली, मला कुठे जायचंय? पण जेवायचं तर होतं. म्हणून मी कवळी ठेवली.

गाल आत गेले, हनुवटी नाकाला टेकली. नात खूश! "आजी, काय मेलीयेस गं!" म्हणाली. या घरात माझ्या कुठल्याही कामाचं पहिलंच कौतुक. तिने फोटो काढला, खाली "झालं एकदाचं" असं लिहिलं आणि दाढीवाल्याच्या विद्यार्थ्यांना पाठवायचा तो घरच्यांना पाठवला.

अर्ध्या तासात माझा मुलगा ऑफिसातून धावत दारात. नातीने हलायचं नाही म्हणून बजावलेलं, मी हलले नाही. तो चौकट धरून रडला. इतका, की मी डोळा किलकिला करून बघितलं. लहानपणी पडला तरी रडायचा नाही गं, मलाच उलटा रागवायचा. शेवटी मी म्हटलं, अरे, आधी फ्रीज चालू कर. कवळीशिवाय त्याला काय ऐकू आलं कोण जाणे. किंचाळून मागे सरकला तो चपलांच्या कपाटात.

कॅमेरा चालूच होता.

आता तो म्हणतो, माझं रडणं पुसा आणि हे खेळ बंद. पोरीने पहिल्या तारखेपासून माझ्या मित्राच्या ऑफिसात बसायचं. पोर म्हणते, मी आजवर काढलेलं तेवढंच खरं आहे, तेच पुसू? तीन दिवस दोघं ताटं घेऊन वेगवेगळ्या खोल्यांत. शेवटी मी तोडगा काढला: त्याचं रडणं पुसायचं आणि त्याने तिला हा सिनेमा पुरा करू द्यायचा. चांगला झाला तर ऑफिस एक वर्ष पुढे. दोघांनी मान हलवली. पण दाराशी रडणार कोण? शेजारीण रडून गेली, पण केस सारखे करत, कॅमेऱ्याकडे बघत. सूनबाईला मी मेले म्हटल्यावर हसूच येतं.

सगळ्यांना नमस्कार, आशीर्वाद सांग.

तुझी (अजून असलेली)
अक्का

ता. क. : भांडलेली बहीण खरीच असली तर बरं, असं नात म्हणते. रविवारी सकाळी ये. उजेड तेव्हाच असतो.

ता. क. : मशीन दाराशीच ठेवते. ते तुला मिळणार नाही, एवढं मनात आण. रडू आपोआप येईल.

ता. क. : मुलाचं रडणं पुसण्याआधी मी माझ्या मोबाईलवर घेऊन ठेवलंय. बोलू नकोस कुठे. नाक फार गळतं त्याचं.

येतेस की नाही ते तू स्वतः फोन करून सांगायचं. तुझ्या सुनेने हात जोडल्याचं चित्र पाठवलं, तर ते उत्तर धरलं जाणार नाही.