सुई येत्या रविवारी

२ मार्च, सोमवार
लिफ्टच्या छताला जे झाकण असतं, त्यात आज कमरेपाशी अडकलो. साहेबांनी खालून पाय ओढून काढलं. इतकी वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय, झाकणं पूर्वी एवढी लहान नसायची. साहेब म्हणाले, महिनाअखेरीस पुन्हा बघू, मावला नाहीत तर तक्रारींच्या फोनवर बसा. फोनवर! ग्रीसचा वास नसेल तर मी जगेन कसा?
ठरलं. वजनाचं इंजेक्शन. हल्ली जो तो तेच घेतोय.

५ मार्च, गुरुवार
डॉक्टरांचा दवाखाना सहाव्या मजल्यावर. तिथली लिफ्ट माझ्याच देखभालीत. आत चार बायका, कुणाचे किती किलो उतरले याची चर्चा. मी पाय ठेवला आणि ओव्हरलोडचा बझर वाजला. चौघी माझ्याकडे बघत राहिल्या. जिन्याने गेलो, व्यायाम म्हणून.
डॉक्टरांनी रिपोर्ट बघून इंजेक्शनचं पेन लिहून दिलं. आठवड्याला एक सुई, पोटात. पोटात, हे आधी कुणी बोललं नव्हतं.

८ मार्च, रविवार
सकाळी ८. सुई आज.
दुपारी १. सुई येत्या रविवारी. रिकाम्या पोटी भीती वाटते, भरल्या पोटी मळमळेल. बायको म्हणाली, मी टोचते. ती काय नर्स आहे? पण पेन फ्रिजमध्ये आल्यापासून भूक मेलीय. दोनच अंडी खाल्ली. तिसरं बायकोच्या ताटातलं, ते धरत नाही.

१३ मार्च, शुक्रवार
त्या बझरने डोकं खाल्लंय. कशात लक्ष लागत नाही. शेवटी देखभालीच्या निमित्ताने गेलो. सेटिंग फारच हळवं निघालं, जरा वाढवलं. मग गर्दीत मुद्दाम शेवटी शिरलो. बझर गप्प! औषध लागू पडलं.
घरी सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं. पेनाचं टोपण तरी काढलंय का?"
हिला टेक्निकल काही कळत नाही.

२२ मार्च, रविवार
सुई आता झाकणाच्या परीक्षेनंतर. ऐन वेळी मळमळ नको. पट्टा अर्धं भोक आत गेलाय. ते अर्ध्यावरचं भोक मीच पाडलं, पण गेलाय.

३० मार्च, सोमवार
झाकणातून डोकं गेलं. खांदे गेले. पुढचं लिहीत नाही.
साहेब रागावले नाहीत, नुसती माझी हत्यारांची पिशवी काढून घेतली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. घरी येईपर्यंत रिकाम्या हाताचं काय करावं कळेना.

१ एप्रिल, बुधवार
फोनची खोली. खुर्चीला हात आहेत, तिरकं बसावं लागतं.
पहिलाच फोन त्या डॉक्टरांचा. पेशंटांसकट चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मध्ये लटकलेत. लिफ्ट गच्च भरली तरी बझर वाजलाच नाही म्हणे. सेटिंगबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. म्हटलं, घाबरू नका, छताच्या झाकणातून माणूस आत उतरेल.
डॉक्टरांनी आवाज ओळखला.
"तुम्ही नका येऊ," म्हणाले. "कुणी बारीक असेल तर पाठवा."