गजेंद्राचा टॅरंट्युला

प्राजक्ता सूनबाई,

गजेंद्राचा कोळी न्यायले तू बोलावलेला माणूस संध्याकाळी येईन, त्याले नाही म्हण. तुह्या तोंडावर सांगता येत नाही, म्हणून लिहून ठेवून जठारपेठेत बहिणीकडे चालली.

सकाळी तो उताणा पडला होता, पाय वर. मले वाटलं, हाही गेला. माह्या लेकाले नेलं तवा डोळ्यात टिपूस नव्हतं, बाई; आज त्या काचेच्या पेटीपाशी धाय मोकलून रडली. मंग पाहते तं गजेंद्र सांगे तशी त्यानं कात टाकलेली. जुनं अंग बाजूले, अन् हा कोवळा होऊन बसलेला.

"हे केसाळ ध्यान घराबाहेर काढ" म्हणून पोराशी भांडणारी मीच. आता तुले भेव वाटत असन, तं पेटी माह्या खाटेपाशी ठेवू.

— आई